दिवेलागणीची तक्रार

मावशी, तू गेल्याचं मला मच्छीबाजारात कळलं. रविवारी नेहमीसारखा पिशवी घेऊन गेलो, तर तुझ्या जागेवर एक टोपली उपडी ठेवलेली. शेजारची पारू म्हणाली, मावशी गुरुवारी गेली, सून बाराव्यानंतर बसेल, तोवर जागा धरून ठेवलीय. नाहीतर कुणीतरी येऊन बसेल. मी मान हलवली आणि तसाच घरी आलो. रिकामी पिशवी बघून सुनंदाने विचारलं, बाजार बंद होता का. तिला सांगताना माझा आवाज ठीक होता. रडू नंतर आलं, आणि त्यात दुःख किती आणि लाज किती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत. आमच्या बिल्डिंगमधल्या चार बायका तर आत्तापासूनच म्हणू लागल्यात की मावशीसारखी पापलेटं आता कोण आणणार. मला मात्र तुझ्याशी एकच गोष्ट बोलायची आहे. आठ वर्षं ती तोंडाशी येत होती आणि दरवेळी मी मासळीचा भाव विचारून ती परत गिळत होतो.

आम्ही पनवेलला राहायला आलो तेव्हा सुनंदाला मासे घेता येत नव्हते. तू तिला कल्ले उघडून दाखवलेस, बोंबील दाबून बघायला शिकवलंस, आणि एकदा दुसरीकडून शिळी सुरमई घेतली म्हणून तिला आमच्याच दारात असं झापलंस की ती आठवडाभर बाजाराच्या वाटेला गेली नाही. मला तू 'सायेब' म्हणायचीस आणि 'तुमी' म्हणायचीस. मी तुला तू म्हणत आलो, कारण मावशीला अहो-जाहो कोण करतं? आता लिहितानाही तेच तोंडात बसलंय. तुझ्या त्या 'तुमी'ला मी जागलो नाही, एवढं मात्र खरं.

टेबलावर मी रेडिओ उघडून बसलेला असताना एकदा तू मासे घेऊन दारावर आलीस आणि विचारलंस की सायेब काय दुरुस्तीचं दुकान टाकताय का. मी हसून सांगितलं की नाही, माझी नोकरीच रेडिओच्या लहरींवर लक्ष ठेवायची आहे. प्रत्येक केंद्राला आपापली लहर नेमून दिलेली असते. आपल्या देशातच नाही, साऱ्या देशांनी एकत्र बसून ती वाटणी केलेली आहे. एकाने दुसऱ्याच्या लहरीवर बोलायचं नाही. तुला हे समजायला एक मिनिटही लागलं नाही. "म्हंजे आमच्या बाजारातल्या जागंसारखं," तू म्हणालीस. मग विचारलंस, कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसला तर काय करता. मी म्हटलं, कागद पाठवतो. तू टोपली खाली ठेवून हसलीस. म्हणालीस, कागदानं कोण उठतं, टोपली उचलून बाजूला ठेवायची.

त्याच दिवशी तू मला तुझ्या रेडिओचं सांगितलंस.

उरणकडच्या खाडीकाठी, तुमच्या गल्लीत, रेडिओ पुष्कळांकडे होते, पण मच्छीमारांचं हवामान ऐकायचं काम तुझं होतं. मुंबईचं केंद्र जवळ, तरी तू काटा खालच्या कोकणातल्या केंद्रावर ठेवायचीस. आपल्या बोटी खाली उतरतात, तिथला वारा तिथलाच माणूस सांगणार, असं तुझं म्हणणं. खिडकीत रेडिओ ठेवून तू ऐकायचीस आणि बायका ओट्याशी येऊन विचारायच्या, मावशी, काय बोलला? तू सांगशील त्यावर बोटी निघायच्या किंवा थांबायच्या. तुझ्या नवऱ्यापासून, धर्माकाकांपासून, मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे त्या बाबतीत तुझं ऐकत.

आणि काही महिन्यांपासून त्या केंद्रावर कुणीतरी चढून बोलत होतं. "हवामानवाला बोलाय लागला का हा येतो," तू म्हणालीस. "गानी लावतो, भाषा कलत नाय." मी विचारलं, केव्हा येतो? तू म्हणालीस, "दिवं लागलं का येतो."

मावशी, सगळं इथेच घडलं. पुढे जे झालं ते या चार शब्दांमुळे झालं, आणि शब्द तुझे होते, कान माझे होते.

मी तुला अर्ज करायला सांगितलं. तू सोसायटीच्या मागे लागून तो करून घेतलास, सेक्रेटरी टाळाटाळ करत होता तर त्याच्या घरी जाऊन बसलीस, आणि पहिली सही तुझी केलीस. अर्ज आमच्या ऑफिसात आला आणि माझ्याच टेबलावर पडला. तेव्हा रेडिओच्या तक्रारी आल्या की दहातल्या नऊ घरातल्या विजेच्याच निघायच्या. ट्यूबलाइटचा चोक, मिक्सर, शेजारच्याची वेल्डिंग. तुमच्याकडे तुझ्या मुलाने, सुरेशने, नुकतीच ट्यूब बसवलेली होती हे मला ठाऊक होतं. दिवे लागले की येतो, म्हणजे ट्यूब पेटवली की येतो. माझं ठरून गेलं. फॉर्मवर एक रकाना असतो, 'अडथळ्याची वेळ'. त्यात मी लिहिलं, 'दिवे चालू केल्यावर'.

ऑफिसची गाडी घेऊन मी तुमच्याकडे आलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. कळंबोलीला लोखंडाचा बाजार नुकता भरू लागला होता, पुढे नव्या बंदराकडे जाणारे ट्रक, म्हणून उशीर झाला. तू अंगण सारवून ठेवलं होतंस. मी यंत्र मांडलं, केंद्र लावलं, बारीक पण स्वच्छ येत होतं. मग सुरेशला म्हटलं, ट्यूब लाव. विझव. परत लाव. दोन्ही बल्ब लाव. शेजारच्यांचेही लावायला सांग. अख्ख्या गल्लीत भर दुपारी दिवे पेटले आणि पोरं बघायला जमली. तू पदराने हात पुसत बाहेर आलीस आणि विचारलंस, "दुपारचे दिवे कशाला लावताय, सायेब?"

मी म्हटलं, तूच म्हणालीस ना. तू म्हणालीस, "मी तसं नाय बोलले." मी म्हटलं, बघू दे गं मला माझं काम. थोडा चिडूनच म्हटलं. चार माणसांसमोर मासे विकणारी बाई मला माझं काम शिकवते आहे असं मला वाटलं, आणि ते इथे लिहायलाच हवं.

तू आत गेलीस. मग भात आणि कोलंबीचं कालवण वाढलंस. मी हात धुऊन निघालो तर दारात उभी राहून म्हणालीस, "सांजपातुर थांबा ना, सायेब." मला वाटलं, पाहुणचार करतेय. गाडी पाचच्या आत परत लागायची होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला होता. मी म्हटलं, पुन्हा कधीतरी. तुझं कालवण गोड लागलं असंही म्हटलं.

परत जाऊन अहवाल लिहिला. शेवटचं वाक्य आमच्याकडे ठरलेलं असतं: 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' एक प्रत सोसायटीला गेली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने तो कागद मोठ्याने वाचला हे मला नंतर पारूकडून कळलं. सरकारी शिक्का होता, मग आता शंका कसली. तुझ्यामागून सह्या करणाऱ्यांना हसू आलं. कुणी म्हणालं, मावशीच्या रेडिओत भूत गातं. दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे आलीस. टोपली खाली ठेवली नाहीस. दारातच उभी राहून तू मला जे विचारलंस ते मी आठ वर्षांत एकही दिवस विसरलो नाही.

"सायेब, तुमाला आयकू नाय आला, का तो आलाच नाय?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परीक्षेत कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "आलाच नाही, मावशी." आणि वर शहाणपणा केला, एकदा कान दाखवून घे, वयाप्रमाणे होतं असं. पनवेलच्या डॉक्टरचं नाव मीच तुला लिहून दिलं. सुरेश तुला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. म्हणजे कान नाही तर डोकं, असा हिशेब गल्लीने केला. बायका ओट्याशी यायच्या बंद झाल्या. हवामान आता सेक्रेटरी ऐकू लागला, मुंबई केंद्रावरचं.

त्याच वर्षी तुझ्या दिराची बोट मोडली. तू आदल्या संध्याकाळी त्या परक्या गाण्याच्या मधून 'वारा' आणि 'खवळलेला' एवढे दोन शब्द ऐकले होतेस आणि धावत बंदरावर गेली होतीस. कुणी थांबलं नाही. बोट खडकावर गेली, जाळी गेली, माणसं दुसऱ्या बोटीने उचलली. माणसं वाचली, म्हणून मी स्वतःला सोडवत आलो. पण ती वाचली ती दुसरी बोट तिथे होती म्हणून. माझा त्यात काही हात नव्हता.

मला कळलं त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. आमची मुलगी संध्याकाळची अंथरुणावर लोळत होती आणि सुनंदा तिला रागावली, "उठ, दिवेलागणीला झोपतात का?" मी पेपर वाचत होतो. तो हातातच राहिला. दिवे लागले की. दिवेलागण. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या घरात तो रोज बोलला जात होता. तू मला वेळ सांगत होतीस आणि मी बटण शोधत होतो.

आणि वेळ कळली की त्यापुढचं तर मला पाठ होतं. दिवसा या लहरी जमिनीलगत चालतात आणि काही अंतरावर दमतात. सूर्य मावळला की वरच्या हवेतला एक थर त्यांना आरशासारखा खाली परतवतो, मग समुद्रापलीकडचं केंद्रही आपल्या अंगणात येऊन बोलतं. वायरलेस शिकणाऱ्याला पहिल्या वर्षी हे शिकवतात. मी यावर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. म्हणूनच तू मला संध्याकाळपर्यंत थांबवत होतीस. थर-बिर तुला माहीत नव्हता, पण तो कधी येतो ते तू रोज ऐकत होतीस.

मी घरातला रेडिओ लावला. आधी खालच्या कोकणातला तो ओळखीचा आवाज आला, आणि त्याच्यावर चढून एक गाणं. भाषा कळेना.

त्याच रात्री तुझ्याकडे येऊन सांगायला हवं होतं. मी आलो नाही. त्याऐवजी मी काय केलं ते ऐक. तीन संध्याकाळी मी ऑफिसात थांबलो, यंत्रावर ते केंद्र पकडलं, ते कुठल्या देशाचं, त्यांनी वाटणीत ठरलेल्यापेक्षा ताकद किती वाढवली, सगळं काढलं. नवीन अहवाल केला. त्यात लिहिलं, 'नेहमीच्या पाहणीत आढळले.' तुझी तक्रार, सोसायटीचा अर्ज, तुझी पहिली सही, यातलं काहीही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जुना अहवाल कुणी केला हा प्रश्न आला असता, आणि माझ्या बढतीचा विचार तेव्हा चालू होता. कागद दिल्लीला गेला, तिथून त्या देशाला गेला, पत्रं येत-जात राहिली. वर्ष उलटून गेल्यावर त्यांनी संध्याकाळची ताकद कमी केली. कागदानेही माणूस उठतो, मावशी, फक्त फार उशिरा. साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. बढतीही झाली. त्या आठवड्यात तू हलवा मासा आणला होतास आणि सुनंदाने तुला पेढा दिला. कशाचा, ते तू विचारलंस. मी म्हटलं, ऑफिसातलं काहीतरी.

त्यानंतर एकदा तू आलीस आणि टोपली उतरवता उतरवता हलक्या आवाजात म्हणालीस, "सायेब, तो गेला." मला कळलं कोण. मी म्हटलं, "हो का? बरं झालं." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग तू दोन बांगडे जास्तीचे टाकलेस आणि उठलीस. आजपर्यंत मला कळलेलं नाही की तू ते का टाकलेस. तुला सगळं समजलं होतं आणि तू मला माफ केलंस, असं कधी वाटतं. कधी वाटतं, तुला काहीच समजलं नव्हतं, आणि तो गेला याचा आनंद सांगायला साऱ्या पनवेल-उरणात तुला माझ्याशिवाय माणूस उरला नव्हता. दुसरं जास्त खरं असावं. तेच जास्त लागतं.

मागच्या दिवाळीनंतर तू आजारी पडलीस तेव्हा सांगायचं ठरवून मी तुमच्याकडे आलो होतो. तू उशीला टेकून बसली होतीस. मी कुठलं औषध, कुठला डॉक्टर, केबलवर आता किती चॅनेल दिसतात, असलं बोलत बसलो. रेडिओ खिडकीतच होता, भरतकामाचं कापड घालून झाकलेला. मी विचारलं, ऐकतेस का अजून? तू म्हणालीस, "कुनाला सांगाला आयकू?" घड्याळ बघून मी उठलो. त्याही दिवशी तू म्हणालीस, सांजेला जा. त्याही दिवशी मी थांबलो नाही.

सोमवारी मी धर्माकाकांकडे गेलो. या वेळी दुपारी गेलो नाही. काका ओट्यावर बसले होते, सून तुझ्या फोटोपुढे समई लावत होती. मी सगळं सांगितलं, ट्यूब, फॉर्म, नवीन अहवाल, पेढा. वाटलं होतं ते चिडतील, शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या. ते म्हणाले, "आमी तिला येडी बोललो, सायेब. मी पन बोललो. घरातला मी."

माझ्या कागदामुळे त्या माणसाच्या तोंडून काय निघालं आणि ते घेऊन तो आता एकटा कसा राहणार, याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मी आठ वर्षं ही माझ्या आणि तुझ्यातलीच गोष्ट समजत होतो. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे. ते म्हणाले, "व्हय, तुमची हाय. पन बोललो आमी." मग ते उठून आत गेले, खिडकीतल्या रेडिओवरचं कापड काढलं आणि तुझ्या केंद्राचा काटा होता तिथेच ठेवून बटण फिरवलं. हवामान चालू होतं. एकच आवाज होता, स्वच्छ. वारा वायव्येकडून, समुद्र शांत. आम्ही ते शेवटपर्यंत ऐकलं.

मी निघताना काका म्हणाले, "बाराव्याला सगली येतील. सोसायटीवाले पन. तवा सांगा. हलू नाय, मोठ्यानं सांगा. त्यो कागद पन मोठ्यानं वाचलेला."

उद्या तुझं बारावं आहे. ऑफिसात शुक्रवारी मी जुनी फाइल काढून द्या म्हणून अर्ज दिला. वरच्या साहेबांनी विचारलं, इतक्या वर्षांनी कशाला उकरता, तुमच्यावरच शेकेल. मी म्हटलं, शेकू दे. ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होते. फाइल मिळेल न मिळेल, सोसायटीत प्रत आहे, शिक्क्यासह. तीच उद्या हातात घेऊन उभा राहणार आहे, आणि तिच्या शेजारी हा दुसरा कागद, जो आज मी लिहिलाय. रकाने तेच ठेवलेत. तक्रारदाराच्या नावाच्या रकान्यात सोसायटी लिहिली नाही, तुझं नाव लिहिलं. 'अडथळ्याची वेळ' या रकान्यात तुझा शब्द लिहिलाय. शेवटचं ठरलेलं वाक्य लिहिताना हात थांबला होता, कारण त्यातला 'नाही' नुसता खोडून काम भागत नाही. तू तथ्याचं विचारलंच नव्हतंस. तू दारात उभी राहून, टोपली डोक्यावर तशीच ठेवून, एवढंच विचारलं होतंस की तुम्हाला ऐकू आला नाही, की तो आलाच नाही.

मला ऐकू आला नाही, मावशी. तो येत होता. रोज, दिवेलागणीला.